परसबाग: थोडं पेरा, पुन्हा पुन्हा पेरा

परसबाग लावायची म्हटली की बहुतेक घरांत आधी बियांची पाकिटं येतात. रविवार गाठून सगळी जागा उकरायची आणि एका दमात सगळं पेरून टाकायचं. महिन्याभराने बारा जुड्या मेथी एकदम काढणीला येते. शेजारीपाजारी वाटली तरी उरते, पिवळी पडते, आणि पुढचे दोन महिने वाफा रिकामा. मग ‘जागा फार कमी पडते हो’ अशी तक्रार ऐकू येते. जागा पुरेशी असते, पेरणीच्या तारखा तेवढ्या चुकलेल्या असतात. म्हणून बियांच्या आधी एक वही आणि कॅलेंडर घ्यावं.

हिशेब स्वयंपाकघरातून सुरू करायचा. चार माणसांच्या घरात आठवड्याला काय लागतं? दोन पालेभाज्या, एकदा भेंडी किंवा गवार, एकदा वांगी, एखादी वेलवर्गीय भाजी, आणि रोजची कोथिंबीर, मिरची, टोमॅटो. हे सगळं १० बाय २० फुटांत बसतं. मात्र तिथे दिवसातून किमान सहा तास ऊन हवं. फळभाजीला त्याहून कमी ऊन चालत नाही. तीन-चार तासच ऊन मिळत असेल तर वांगी-टोमॅटोचा नाद सोडून पालक, माठ, अळू, कोथिंबीर एवढंच लावावं आणि ते चांगलं लावावं.

समजा जागेची लांबी उत्तर-दक्षिण आहे. तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब असे चार आडवे वाफे पाडायचे, मध्ये दीड-दीड फुटाच्या तीन वाटा. तीन फुटांपेक्षा रुंद वाफा करू नये. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर खुरपणीला वाफ्यात पाय पडतो, माती दबते आणि मुळं गुदमरतात. या मांडणीत साडेसोळा फूट संपतात. उरलेली साडेतीन फुटांची पट्टी उत्तरेच्या टोकाला ठेवायची, ती वेलांच्या ताटीसाठी. महाराष्ट्रात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि सावल्या उत्तरेला पडतात. ताटी दक्षिणेला उभी केली तर डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे ऐन पालेभाजीच्या दिवसांत, लगतच्या वाफ्यांचं ऊन ती खाऊन टाकते. एकदा बांबू रोवले की ही चूक सहसा कुणी सुधारत नाही.

वाफ्यांची वाटणी अशी. पहिल्या वाफ्यात टोमॅटोची सहा, मिरचीची चार आणि वांग्याची दोन रोपं. ही तिन्ही एकाच कुळातली, त्यांचे रोग सारखे, म्हणून ती एकत्र ठेवून दर हंगामात पुढच्या वाफ्यात सरकवायची. त्याच वाफ्यात पुन्हा टोमॅटो लावला की मर रोग आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी तयारच बसलेले असतात. दुसऱ्या वाफ्यात भेंडी आणि गवार. तिसरा वाफा पालेभाज्यांचा. चौथ्यात हिवाळ्यात मुळा, गाजर, बीट, नवलकोल, आणि उरलेल्या काळात चवळी. चवळी जमिनीला नत्रही देते, म्हणून टोमॅटो-वांग्याच्या मागून तिची पाळी यावी असं बघावं.

आता तिसऱ्या वाफ्याकडे नीट पाहू, कारण सगळी गंमत तिथे आहे. दहा फुटांत तीन बाय तीनचे तीन तुकडे पडतात. मेथी पेरल्यापासून साधारण तीस दिवसांत काढणीला येते. दर दहा दिवसांनी एकच तुकडा पेरायचा. पहिली मेथी उपटेपर्यंत तिसऱ्या तुकड्यातली अंगठ्याएवढी झालेली असते, आणि रिकामा झालेला पहिला तुकडा त्याच दिवशी पुन्हा पेरायचा. एका तुकड्याला चहाचा एक चमचा भरून बी पुरतं आणि मध्यम आकाराच्या दोन-तीन जुड्या निघतात. घराला दहा दिवसांत तेवढ्याच लागतात. मेथी उपटली की दोन ओंजळी कुजलेलं शेणखत पसरायचं, खुरप्याने वरची तीन-चार इंच माती हलवायची आणि पुढचं बी टाकायचं. सलग मेथीच नको. मेथी, पालक, माठ, मेथी असा फेर धरावा. पालक मात्र उपटायचा नाही. जमिनीपासून इंचभर वर कापला की पंधरा दिवसांत पुन्हा भरतो, तीन-चार कापण्या देतो.

कोथिंबीर या फेरात बसत नाही, कारण तिला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात. ती वाफ्यांच्या कडेने ओळीत पेरावी, दर पंधरा दिवसांनी चार-पाच फुटांची एक ओळ. धने अख्खे पेरले तर उगवण विरळ होते. एका धन्यात दोन बिया असतात. धने फरशीवर पसरून चपलेने किंवा लाटण्याने हलक्या हाताने रगडून फोडायचे, दोन फाकी झाल्या पाहिजेत, भुगा होता कामा नये. मग बारा तास पाण्यात भिजवून, सावलीत सुकवून पेरायचे. आठ ते बारा दिवसांत कोंब दिसतात, तोवर धीर धरावा. पाचव्या दिवशी माती उकरून बघणाऱ्यांची कोथिंबीर कधीच धड उगवत नाही. मार्चनंतर तीच कोथिंबीर पानं सोडून फुलावर जाते. तो बियाण्याचा दोष नसतो, उन्हाचा असतो. उन्हाळ्यात तिला पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी लागतेच.

पाण्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण परसबागेतली निम्मी झाडं तहानेने नाही, पाणी जास्त झाल्यामुळे जातात. शेतकऱ्याच्या तोंडी यासाठी एक नेमका शब्द आहे, वाफसा. माती भिजलेली आहे पण तिच्या कणांमध्ये हवाही खेळते आहे, ती अवस्था म्हणजे वाफसा. मुळं पाणी उचलतात ती याच अवस्थेत. ओळखायचा कसा? दोन-तीन इंच खालची मूठभर माती उचलून घट्ट दाबा. बोटांच्या फटींतून चिखल आला किंवा तळहात ओला झाला तर अजून पाणी नको. लाडू वळला आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडल्यावर तो फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे, आज थांबा, उद्या पुन्हा बघा. लाडू वळलाच नाही, माती भुरभुरली, तर पाणी द्या. काळ्या मातीत वरचा पापुद्रा सुकून तडे दिसतात आणि खाली चार इंचांवर चिखल असतो. वरून बघून रोज नळी सोडणारा तिथेच फसतो. पानं पिवळी पडली की ‘तहानलंय’ समजून आणखी पाणी घातलं जातं आणि मुळं कुजतात. खुरपणीही वाफशावरच करायची. ओल्या काळ्या मातीत खुरपं घातलं की ढेकळं होतात आणि ती सुकल्यावर विटेसारखी कडक बनतात.

पाणी सकाळी द्यावं, बुंध्याशी द्यावं. संध्याकाळी पानं भिजवली तर ती रात्रभर ओली राहतात आणि करपा आयता बोलावला जातो. नव्या रोपाला लावल्याबरोबर एक पाणी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचं, म्हणजे रोप जगवायला दिलेलं दुसरं हलकं पाणी, आणि त्यानंतर वाफसा बघून. उन्हाळ्यात उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला दोन इंच जाड अंथरला की पाणी बरंच वाचतं. पावसाळ्यात तेच आच्छादन काढून टाकावं, त्याखाली गोगलगायी माजतात.

माती तयार करताना तीस चौरस फुटांच्या एका वाफ्याला एक ते दीड घमेलं कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड पुरे. कुजलेलं म्हणजे ज्याला शेणाचा वास येत नाही, हातात मोकळं होतं आणि गरम लागत नाही ते. कच्च्या शेणखताबरोबर हुमणीच्या अळ्या आणि तणाचं बी फुकट मिळतं, आणि मुळा-गाजराला फाटे फुटतात. पावसाळ्यात वाफा अर्धा फूट उंच, म्हणजे गादीवाफा. उन्हाळ्यात तोच सपाट करून कडेने बोटभर वरंबा. राखेबद्दल सरसकट सल्ला दिला जातो, त्यात एक मेख आहे. कोकणातली जांभी माती आम्लधर्मी, तिथे चुलीची राख खरोखर गुण देते. देशावरची काळी माती बहुधा आधीच अल्कधर्मी असते. तिथे मूठ-मूठ राख टाकत राहिलं तर लोह मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात.

जीवामृत घरच्यापुरतं करायचं तर दहा लिटर पाण्यात अर्धा किलो ताजं देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. पिंप सावलीत ठेवून, गोणपाटाने झाकून, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. दोन दिवसांनी तयार होतं, आठवड्याच्या आत संपवायचं. एक तांब्या जीवामृताला दहा तांबे पाणी, पंधरा दिवसांतून एकदा बुंध्याशी. यापेक्षा जास्त लाड करू नयेत. नत्र जास्त झालं की झाड हिरवंगार, रसरशीत दिसतं, फळ धरत नाही आणि मावा मात्र आधी त्याच झाडावर येतो.

हंगाम ओळखून पेरणं ही दुसरी मोठी गोष्ट. मृगाचा पाऊस पडून जमीन निवली की जूनच्या मध्यापासून भेंडी, गवार, दोडका, कारली, काकडी. जुलै-ऑगस्टच्या झडीत मेथी-कोथिंबीर कुजते, तेव्हा माठ, अंबाडी, अळू यांच्यावर भागवावं. टोमॅटोचं बी सप्टेंबरात गादीवाफ्यावर किंवा ट्रेमध्ये टाकायचं, पंचवीस-तीस दिवसांची रोपं ऑक्टोबरात वाफ्यात. मिरचीच्या रोपांना चाळीसेक दिवस लागतात, म्हणून तिचं बी दोन आठवडे आधी पडलं पाहिजे. हिवाळी भाज्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मुळाही दहा-बारा दिवसांच्या टप्प्यानेच पेरावा, कारण पंचेचाळीस दिवसांपुढे तो वाफ्यात ठेवला की पोकळ आणि तिखट होतो. उन्हाळी काकडी, दुधी, भेंडी, चवळी जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, रात्रीची थंडी मोडल्यावर. कडाक्याच्या थंडीत टोकलेली भेंडीची बी जमिनीतच बसून राहते. एप्रिल-मेमध्ये टोमॅटो लावू नये. पारा ३५ अंशांच्या वर गेला की फुलं गळतात, कितीही पाणी द्या.

वाण निवडताना आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांचे सुधारित वाण आधी बघावेत. भेंडीत परभणीच्या विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ हळद्या रोगाला, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला, बऱ्यापैकी तोंड देते. राहुरीची मिरचीतली ‘फुले ज्योती’, काकडीतली ‘हिमांगी’, दुधीतला ‘सम्राट’. कोकणात कारल्याला दापोलीचा ‘कोकण तारा’. वांग्यात ‘मांजरी गोटा’ची चव भरल्या वांग्याला दुसरं कुठलं वाण देत नाही. संकरित बियाणं जास्त उत्पन्न देतं हे खरं, पण त्याचं घरी धरलेलं बी पुढच्या वर्षी तसंच निघत नाही. परसबागेला सरळ वाणच बरे, म्हणजे ज्यांचं घरी धरलेलं बी पुन्हा तसंच निघतं ते.

भेंडीचं बी रात्रभर भिजवून, एका ठिकाणी दोन, फूटभर अंतरावर टोकायचं. उगवल्यावर जोरकस रोप ठेवून दुसरं कात्रीने कापायचं, उपटायचं नाही, नाहीतर राहिलेल्याची मुळं हलतात. बारा झाडांत आठवड्याला पावशेर ते अर्धा किलो भेंडी मिळते. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी तोडा सुरू झाला की दिवसाआड तोडलीच पाहिजे. टोक बोटाने मोडून बघा, कट्‌ आवाज करून तुटलं तर कोवळी. नुसतं वाकलं तर जून झाली. जून भेंडी झाडावर राहिली की झाड बी धरायच्या मागे लागतं आणि नवी फुलं कमी होतात.

टोमॅटोचं रोप लावताना खालची पानं काढून खोड निम्म्यापर्यंत मातीत गाडावं. गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. शेजारी पाच फुटांचा बांबू त्याच दिवशी रोवावा, महिन्याने रोवला तर मुळं तुटतात. सुतळी बांबूला घट्ट, खोडाला सैल, मध्ये पीळ देऊन बांधायची. जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पानं आणि बगलफुटी काढत राहावं. फळाचं बूड काळं पडून खपलीसारखं झालं तर तो किडीचा प्रकार नव्हे. फळापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नसतं, आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी पूर, असं पाणी.

वेलांचं सगळ्यात जास्त विचारलं जातं ते ‘फुलं येतात, फळ धरत नाही.’ आधी येतात ती नर फुलं, बारीक दांड्यावरची, त्यांनी गळायचंच असतं. त्यानंतर मादी फुलं येतात. पाकळ्यांच्या मागे बोटभर कारलं किंवा इवलासा दुधी आयताच दिसतो, ते मादी फूल. ते पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन झालेलं नाही. मग आपण मधमाशी व्हायचं, पण वेळ साधून. काकडी आणि कारल्याची फुलं पहाटे उमलतात, त्यांचं काम सकाळी आठच्या आत. दोडका आणि दुधी यांची मात्र संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर. दुधीची पांढरी फुलं तर दिवेलागणीलाच डोळ्यांत भरतात. सकाळी दोडक्याच्या मिटलेल्या फुलाशी खटपट करून काही होत नाही. ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या, मधला पिवळी भुकटी लागलेला दांडा मादी फुलाच्या मधल्या गोळ्यावर अलगद, चारी बाजूंनी फिरवायचा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. तीन-चार दिवसांत फळाचा दांडा वर न राहता जडपणाने खाली झुकला की धरलं समजा.

कारली, दोडक्याचं बी कठीण कवचाचं, ते चोवीस तास भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवायचं आणि कोंब दिसल्यावर लावायचं. वेल ताटीच्या माथ्यापर्यंत जाईतो बगलफुटी काढायच्या. माथ्यावर पोचला की शेंडा खुडायचा. दुधीला हे विशेष मानवतं, कारण मादी फुलं बाजूच्या फुटव्यांवर जास्त येतात. साडेतीन फुटांच्या पट्टीत दोन कारली आणि एक दोडका एवढेच वेल. दुधी हवा असेल तर तो एकटा, कुंपणावर किंवा गच्चीकडे चढवून.

फळमाशी कारल्या-दोडक्याचं सर्वांत जास्त नुकसान करते. कोवळं फळ वाकडं होतं, एका जागी खळगा पडून डिंक येतो, आत अळ्या. अशी फळं खतखड्ड्यात टाकणं म्हणजे माश्यांची पुढची पिढी पोसणं, कारण अळ्या मातीत उतरून कोश करतात. फळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवावीत. क्यू ल्यूरचा, म्हणजे नर माश्यांना ओढून घेणाऱ्या गंधाचा, एक सापळा एवढ्या बागेला पुरतो. फळ बोटभर असताना कागदी पिशवी चढवली तर आणखी उत्तम.

वांग्याचा शेंडा भर सकाळी मान टाकून दिसला, बाकी झाड टवटवीत असलं, तर शेंड्यात अळी आहे. सुकलेल्या भागाच्या दोन बोटं खालून कापून, चिरून बघा, सापडेलच. दर दोन दिवसांनी असे शेंडे कापून नष्ट केले तर फळं बरीच वाचतात. मिरचीची पानं आक्रसली की लोक सरसकट ‘बोकड्या’ म्हणून एकच औषध मारतात. पानाच्या कडा वर वळून होडीसारखं झालं तर फुलकिडे, कडा खाली वळल्या तर कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, जाळं विणणारा कोळी नव्हे. फुलकिड्यांना निंबोळी अर्क, कोळ्यांना पाण्यात मिसळणारं गंधक, आणि तेही कडक उन्हात नाही. भेंडीच्या पानाच्या शिरा हळदीसारख्या पिवळ्या पडल्या तर ते झाड तडक उपटावं. पांढरी माशी तो विषाणू शेजारच्या झाडावर नेते आणि त्यावर औषध नाही.

निंबोळी अर्क घरी करावा. जून-जुलैत झाडाखाली पडलेल्या पिकल्या निंबोळ्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवायच्या. शंभर ग्रॅम निंबोळ्या जाडसर कुटून पुरचुंडीत बांधून अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायच्या. सकाळी पुरचुंडी पांढरट पाणी येईतो पिळायची, गाळून दोन लिटर करायचं, चार ग्रॅम साबणाचा चुरा मिसळायचा. फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने, आणि त्याच दिवशी संपवायची. गोगलगायींसाठी मात्र फवारणी नको. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट रात्री वाटेवर पसरायचं, पहाटे त्याखाली जमलेल्या गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकायच्या.

बी धरायचं ते सगळ्यात निरोगी झाडावर, आणि हंगामाच्या शेवटी उरलेलं नव्हे. भेंडीच्या एका चांगल्या झाडावरच्या मधल्या दोन शेंगा आधीच दोरा बांधून राखून ठेवाव्यात, झाडावरच तपकिरी होऊन फाटू लागल्या की काढाव्यात. बी सावलीत सुकवून कागदी पाकिटात, वर वाण आणि तारीख. पुढच्या जूनमध्ये पेरणीच्या आठवडाभर आधी त्यातल्या दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सातव्या दिवशी आठ-नऊ उगवल्या तर नेहमीसारख्या एका जागी दोन टोका. पाच-सहाच उगवल्या तर एका जागी चार.